शनिवारची रात्रपाळी

२ एप्रिल २०२१, उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीनची उपासना आम्ही घरीच, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ऐकत होतो. क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी चौथा चालू होता: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' त्याच दिवशी पुण्यासाठी नवे निर्बंध जाहीर झाले. शनिवारपासून सात दिवस हॉटेलं, मॉल, सिनेमागृहं आणि प्रार्थनास्थळं बंद, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी. ईस्टर होता रविवारी, ४ तारखेला. उत्तम शुक्रवार नियमात बसला, ईस्टर बसला नाही. निर्बंध गरजेचे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो योगायोग तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी आत्या त्या दिवशी ऑक्सिजनवर होती. उभा जन्म परिचारिका म्हणून काढलेली बाई, कॉटवर पडून राहायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. ईस्टरनंतरच्या गुरुवारी ती गेली. कबरस्थानात आम्ही चौघं, पीपीई किटमधले महापालिकेचे कर्मचारी आणि लांब उभे राहिलेले पाळक. मास्कमधून त्यांचा आवाज अर्धाच ऐकू येत होता. पेटीवर माती टाकायची तीसुद्धा हातमोजे घालून. आमच्यात माती हातानं टाकतात. ती बोटांना लागते, नखांत अडकते, संध्याकाळी जेवताना पुन्हा दिसते. तेवढंही त्या दिवशी मिळालं नाही.

त्या आठवड्यात फोनवर संदेशांचा पाऊस पडला. 'देव जे करतो ते चांगल्यासाठीच.' 'ती आता उत्तम ठिकाणी आहे.' 'रडू नका, प्रभू जिवंत आहे.' पहिले दोन मी लगेच पुसून टाकले. तिसरा जिव्हारी लागला, कारण प्रभू जिवंत आहे असं मी स्वतः मानतो. ज्या वाक्यावर माझं सगळं उभं आहे, तेच कुणीतरी माझ्या तोंडावर झाकण म्हणून ठेवत होतं.

मी पाळक नाही. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे; लहानपण गुरुवार पेठेत पंचहौदच्या देवळाच्या (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) घंटा ऐकत गेलं. माझं म्हणणं असं आहे की वाईट दिवसांत आम्ही ख्रिस्ती लोक आशेच्या नावाखाली जे वाटत सुटतो, त्यातलं बरंचसं ईस्टरमधून आलेलंच नसतं. पुनरुत्थानाची आशा त्यापेक्षा कडू आहे, उशिरा येते, आणि ज्याला मिळते त्याला कामाला लावते. तिला साखर लावून विकलं की माणसं मरतात.

हे वाढवून बोललो असं वाटेल, म्हणून आधी तेच सांगतो. आत्याच्या वॉर्डात अधूनमधून असे पेशंट यायचे, ज्यांनी एखाद्या चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेत, हात वर केला आणि घरी येऊन इन्सुलिन बंद केलं. गोळी घेतली तर विश्वास कमी पडला असं होईल, ही भीती. मैदानात मंडप, मोठ्या आवाजातला कीबोर्ड, 'प्रभू या क्षणी कुणाला तरी कंबरेच्या दुखण्यातून मोकळं करतोय' असं ठोकून देणारा उपदेशक, आणि मग साक्षी. जे बरे झाले ते स्टेजवर चढतात. जे बरे झाले नाहीत त्यांना माइक कुणी देत नाही. ते पुढच्या सभेत मागच्या खुर्चीवर बसतात, आणि काही दिवसांनी सलाइनच्या स्टँडशेजारी. आत्या त्यांना रागावायची नाही. रागवायची ती मला, की तुम्ही शिकलेले लोक चर्चच्या मंडळीच्या बैठकीत हे का बोलत नाही?

आम्ही बोललो नाही. बोलले ते डॉ. नरेंद्र दाभोलकर, आणि ते तर देव मानणाऱ्यांतलेही नव्हते. बुवाबाजी कुठल्या धर्माची आहे हे न बघता ते बोलत आले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं जोडे झिजवले, त्याचा वटहुकूम चार दिवसांत निघाला. या कायद्याची आमच्यातल्या काहींना धास्ती वाटते. मला विचाराल तर त्या कायद्यानं ईस्टरचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते चंगाईच्या धंद्याचं. (दाभोलकरांना मी मरणोत्तर ख्रिस्ती करायला निघालेलो नाही. त्यांना ते मुळीच आवडलं नसतं.)

हा धंदा केवळ आमचाच आहे असंही नाही. सदाशिव पेठेतून नव्या पेठेकडे चालत जा. स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या फ्लेक्सवर पास झालेल्यांचे फेटे बांधलेले फोटो आणि खाली एखादं स्फूर्तिदायक वाक्य. बोर्डाखालून जाणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांचा फोटो त्यावर कधीच लागणार नाही, हे जागांच्या आणि अर्जांच्या आकड्यांवरून कुणालाही कळतं. आमच्या वरच्या खोलीत असाच एक जण राहायचा, परभणीकडचा. अभ्यासिका, मेसचा डबा, रात्री दोनला जिन्यावर चपलांचा आवाज. एकदा निकाल लागल्यावर मी त्याला काहीतरी धीराचं बोलायला गेलो, तर म्हणाला, ''सर, पॉझिटिव्ह राहा एवढं सोडून काहीही बोला.''

त्या पोराची अट मला शास्त्राचं पुस्तक उघडताना आठवते, कारण येशूची गोष्ट सांगणाऱ्या शुभवर्तमानांनी ती कधीच पाळली आहे. ख्रिस्ताच्या मरणाची आणि उठण्याची गोष्ट आम्ही शुक्रवारवरून थेट रविवारवर उडी मारून सांगतो. मध्ये एक अख्खा शनिवार आहे. त्या दिवशी काय झालं? लूक एका ओळीत सांगतो की आज्ञेप्रमाणे शब्बाथाच्या दिवशी बाया स्वस्थ राहिल्या. शिष्यांचं तर नावच नाही. त्या दिवशी कामावर होते फक्त सत्तेतले लोक. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे मुख्य याजक रोमन सुभेदार पिलाताकडे गेले, पहारा मिळवला, कबरेच्या धोंड्यावर शिक्का मारला. देव गप्प, भक्त घरात, आणि सरकारी काम मात्र सुट्टीच्या दिवशीही चालू. इतका ओळखीचा दिवस सगळ्या शास्त्रात मला दुसरा सापडत नाही.

रविवारही आम्ही समजतो तसा उजाडत नाही. मार्काचं शुभवर्तमान सर्वांत जुन्या हस्तलिखितांत जिथं संपतं, तिथं विजयाचं गाणं नाही. कबर रिकामी आहे असं ऐकून बाया थरथरत पळत सुटतात आणि कुणालाच काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. एवढ्यावर पुस्तक थांबतं. पुढच्या काळातल्या लोकांना हा शेवट इतका बोचला की त्यांनी पुढं आणखी ओळी जोडल्या. मला त्या जोडणाऱ्यांचा राग येत नाही, आपणही तेच करतो. पण पहिल्या मंडळ्यांनी ईस्टरची बातमी भीतीसकट जपून ठेवली, ही गोष्ट माझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तराला फार मोलाची वाटते.

अम्माऊस गावच्या रस्त्यावरचे येशूचे दोघं शिष्य तर मला पुण्यातलेच वाटतात. जेरुसलेम सोडून निघालेत, आणि सोबत चालणाऱ्या अनोळखी माणसाला सांगतात, 'आम्हाला आशा होती की, इस्राएलाची मुक्तता करणारा तो हाच.' आशा होती. भूतकाळ. ज्याच्याबद्दल बोलतायत तोच शेजारून चालतोय, आणि तो त्यांना 'असं बोलू नका, पॉझिटिव्ह राहा' म्हणत नाही. 'कोणत्या गोष्टी?' असं विचारतो आणि त्यांना सगळं पहिल्यापासून बोलू देतो. मग शास्त्र उलगडून सांगतो, थोडं रागावतोही. पण आधी ऐकतो. आमच्या सांत्वनाच्या भेटींत हा क्रम बरोबर उलटा असतो: आधी वचन, मग प्रार्थना, मग चहा, आणि घरच्या माणसाला बोलायची पाळी येते तेव्हा आपण चपला घालत असतो.

आणि जखमा. उठलेल्या शरीरावर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. एवढं सगळं नवं करणाऱ्या देवाला ते पुसता आले नसते का? योहान सांगतो की शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तेच दाखवले गेले, तीच ओळख ठरली. म्हणजे झालं ते झालंच नाही असं पुनरुत्थान म्हणत नाही. आत्या पुन्हा उठेल असा माझा विश्वास आहे, पण ती उठेल तेव्हा २०२१ चा एप्रिल तिच्या अंगावरून धुऊन टाकलेला नसेल.

इथं पुण्यातला माणूस विचारणारच: पुरावा काय? विचारायलाच हवं. प्रयोगशाळेत मांडता येईल असा पुरावा माझ्याकडे नाही. इतिहास एवढंच देतो: प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र क्रुसाच्या घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आतलं आहे, आणि त्यात ज्यांनी उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलं अशा साक्षीदारांची यादी आहे, त्यातले बरेचसे तेव्हा हयात होते. शुभवर्तमानांत पहिल्या साक्षीदार बाया आहेत. ज्या काळात बाईच्या साक्षीला वजन नव्हतं, त्या काळात बनावट गोष्ट रचणारा असे साक्षीदार निवडणार नाही. शिष्यांनाच ते बोलणं वायफळ वाटलं, हेही लूक लपवत नाही. यातून पुनरुत्थान सिद्ध होत नाही. सांगणारे लबाड नव्हते, इथपर्यंत फार तर जाता येतं. पुढचं पाऊल विश्वासाचं आहे, आणि ते मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही.

वरच्या खोलीतल्या पोराची हरकत मात्र जास्त अवघड निघाली. घरात वारी असलेला मुलगा. तो म्हणाला, ''सर, तुकोबांनी तर 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां' म्हणून सोहळा केला. आळंदीला माउली संजीवन समाधीत आहेत. मग तुमचं वेगळं काय?'' मला लगेच उत्तर देता आलं नाही. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलाची मोडतोड करायची मला हौस नाही. पण फरक आहे. तुकोबा ज्या मरणाचा सोहळा करतात ते 'मी'पणाचं मरण, आणि ते त्यांनी जिंकलेलं आहे. ज्ञानदेव आपण होऊन समाधीत बसले, संतमेळा भोवती होता. येशूनं मरणाचा सोहळा केला नाही. आदल्या रात्री तो घामाघूम होऊन 'हा प्याला माझ्यापासून टळून जावो' म्हणत होता, सोबतचे झोपले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सरकारी हुकमानं, गावाबाहेर, गुन्हेगारांच्या मध्ये मारलं. कोण मोठा हा प्रश्नच नाही. ज्यांना आपलं मरण पिकवता येत नाही, जे नुसते मारले जातात, हॉलवेत स्ट्रेचरवर जातात, त्यांचं काय, याचं उत्तर मला कबरेच्या त्या धोंड्यापाशी शोधावं लागतं. पोरगं म्हणालं, ''हां.'' पटलं असं नाही म्हणाला.

आणखी एक हरकत जुनी आहे: परलोकाची आशा दाखवून गरिबाला इहलोकात गप्प बसवता. ही हरकत अर्धी खरी आहे, आणि त्या अर्ध्याला आम्हीच जबाबदार आहोत. वर्तमानपत्रातल्या आमच्या निधनवार्ता बघा, 'ख्रिस्तवासी झाले' लिहितो, म्हणजे वैकुंठवासीचंच आमचं भाषांतर. आत्मा उडाला, सुटला, संपलं. पौल असं काही म्हणत नाही. तो शरीराबद्दल बोलतो, आणि इतका हटून बोलतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट, असं स्वतःच्याच मंडळीला सुनावतो. उठलेला ख्रिस्त भाजलेल्या माशाचा तुकडा मागून खातो. (पुण्यातल्या एका जुन्या कबरस्थानाला सेंट सेपल्कर म्हणतात. सेपल्कर नावाचा कुणी संत नव्हता. तो शब्द कबरेचाच, जेरुसलेममधल्या त्या रिकाम्या कबरेचा. जी जागा रिकामी सापडली तिचंच नाव आम्ही भरलेल्या कबरस्थानाला दिलं, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नाही.)

शरीराला देव एवढं महत्त्व देत असेल तर खाट मिळणं, ऑक्सिजन मिळणं, इज्जतीनं पुरलं जाणं ही सगळी कामं ईस्टरच्या पोटात येतात. पौलाच्या त्याच पत्राचा पंधरावा अध्याय म्हणजे पुनरुत्थानावरचं सगळ्यात मोठं प्रकरण. मरणाला 'तुझी नांगी कोठे?' असं विचारण्यापर्यंत तो चढत जातो. आणि त्याचा शेवट काय? तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. स्वर्गाचं वर्णन नाही, श्रमांचा हिशेब. लगेच सोळाव्या अध्यायाची पहिलीच ओळ वर्गणी गोळा करण्याबद्दल आहे, जेरुसलेमच्या गरिबांसाठी. अध्यायांचे आकडे शेकडो वर्षांनी कुणीतरी घातले. पौलाच्या कागदावर मरणाचा पराभव आणि वर्गणी यांच्यामध्ये रेघसुद्धा नव्हती.

याचं उदाहरण शोधायला मला रोमला जावं लागत नाही. १८९७ मध्ये ईस्टर १८ एप्रिलला होता. पुण्यात प्लेग होता, रँडच्या देखरेखीखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. त्याआधी पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळात जाऊन उपाशी, अनाथ मुली घेऊन आल्या होत्या. प्लेगच्या अधिकाऱ्यांनी शहरातल्या रमाबाईंच्या शारदा सदन या आश्रमात आणखी माणसं ठेवू दिली नाहीत. रमाबाईंनी केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्या मुलींना नेलं. आजचं मुक्ती मिशन त्या माळावर उभं राहिलं, ते कुणाला दर्शन झालं म्हणून नव्हे, शहरानं जागा नाकारली म्हणून. आणि त्या गप्पही बसल्या नाहीत. प्लेगच्या इस्पितळात बायकांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहिलं. इंग्रज सरकार ख्रिस्ती, त्या ख्रिस्ती, मदत बरीचशी परदेशातल्या ख्रिस्ती लोकांची, तरी लिहिलं. धर्मांतरावरून पुणेकरांनी त्यांच्यावर टीका केली, ती सगळीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण आशा या शब्दाचा अर्थ मला कुणी विचारला तर मी त्या पत्राकडे बोट दाखवीन.

ही बाई सुखात वाढलेली नव्हती. आई, वडील, बहीण दुष्काळात गेले. त्यांच्याबरोबर देशभर पायी हिंडलेला भाऊ १८८० मध्ये गेला. नवरा लग्नानंतर दोन वर्षंही न होता १८८२ मध्ये पटकीनं गेला. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई स्वतः. ईस्टरला अकरा दिवस उरले होते. त्यांच्या आयुष्याकडे बघून 'देवावर विश्वास ठेवला की सगळं चांगलं होतं' असं म्हणण्याची कुणाची छाती आहे?

त्याच १८९७ च्या १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. हडपसरच्या बाजूला त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी उघडलेल्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या, एका आजारी मुलाला पाठीवर घालून आणलं, आणि तोच रोग त्यांना झाला. त्या ख्रिस्ती नव्हत्या. २०२१ मध्ये या शहरात ज्यांच्या घरच्यांनी अंग चोरलं असे कितीतरी देह मुस्लिम कार्यकर्त्यांनी उचलले, हिंदूंना हिंदूंच्या रीतीनं अग्नी दिला, आमच्यांना आमच्या रीतीनं पुरलं. तेही ख्रिस्ती नव्हते. मग पुनरुत्थान न मानताच हे सगळं होतं तर मानायचं कशाला, असा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. माझं उत्तर तोकडं आहे. काम करायला पुनरुत्थान लागतंच असं नाही. मला ते लागतं, कारण त्याशिवाय माझा हिशेब जमत नाही. सावित्रीबाईंनी पाठीवर घेतलेलं ते पोर आणि त्या कार्यकर्त्यांनी उचललेले ते देह, हे सगळं मातीत जाऊन संपणार असेल तर तो उपकार सुंदर आहे, पण हरलेला आहे. तो हरलेला नाही असं मी धरून चालतो. ज्यांनी तो केला त्यांनी तसं धरलं होतं की नाही, यावर माझा काही हक्क नाही.

आता आमच्याबद्दल. राज्यात आम्ही शंभरात एकसुद्धा भरत नाही. घरात प्रार्थनासभा घ्यायची तर हल्ली माणसं आधी खिडक्या लावतात. ३ मे २०२३ नंतर मणिपूरमध्ये जे झालं, चर्च जळली, माणसं मेली, त्याच्या बातम्या आमच्या घरांत दबक्या आवाजात वाचल्या गेल्या. अशा वेळी ईस्टरचा एक सोपा अर्थ हाताशी येतो: शेवटी आपलीच बाजू जिंकणार, मग बघू यांना. हा अर्थ मोहात पाडणारा आहे आणि साफ चुकीचा आहे. उठलेला ख्रिस्त कुणाकुणाला भेटला याची यादी बघा. पिलाताला नाही. महायाजक कयफाला नाही. शिक्का मारणाऱ्यांच्या दारात जाऊन 'आता बोला' असं तो म्हणाला नाही. तो भेटला ते पळून गेलेल्या मित्रांना.

याचा अर्थ न्यायाचं बोलायचं नाही असाही होत नाही, उलट आहे. प्रेषितांच्या पहिल्या प्रवचनांचा सूर ठाम आहे: तुम्ही त्याला मारलं, देवानं त्याला उठवलं. वरच्या कोर्टानं खालचा निकाल फिरवावा तसं. जे लोक हे मानतात त्यांनी निकालांच्या आणि न लागलेल्या निकालांच्या बाबतीत जरा जास्त तिखट असायला हवं. दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप व्हायला जवळजवळ अकरा वर्षं लागली. तोवर दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर माणसं जमत राहिली. आमचे फादर स्टॅन स्वामी, आदिवासींच्या हक्कांसाठी झटणारे, वय ८४, कंपवातानं पेला धरता येत नव्हता. पुण्यातल्या एल्गार परिषदेनंतर इथं नोंदलेल्या गुन्ह्यात त्यांना धरलं होतं. ५ जुलै २०२१ ला, खटला उभा राहण्याआधीच, ते न्यायालयीन कोठडीत असताना मुंबईच्या इस्पितळात वारले. त्या रविवारी आमच्या उपासनेत त्यांचं नाव घेतलं गेलं नाही. रोमन कॅथलिक होते, आपण प्रोटेस्टंट, असं मला नंतर सांगण्यात आलं. मी तेव्हा उठून बोललो नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

पुण्यातल्या मंडळ्यांकडून मला जे हवंय ते मोठं नाही. उत्तम शुक्रवार आणि ईस्टरच्या मधल्या शनिवारी संध्याकाळी देवळाचं दार उघडं ठेवावं. गाणी नकोत, उपदेश नको. ज्यांचं मरण त्या वर्षी झालं त्यांची नावं वाचावीत, आमच्यातली आणि आमच्याबाहेरचीही, आणि ज्याला रडायचंय त्याला रडू द्यावं. चंगाई सभेला जागा देणं थांबवावं. द्यायचीच तर स्टेजवर एक डॉक्टर बसवावा आणि 'औषध बंद करू नका' हे पहिलं वाक्य त्याला म्हणू द्यावं. आणि ईस्टरची वर्गणी एखाद्या इमारतीच्या रंगाला न जाता ज्यांना पुरायला कुणी नाही त्यांच्याकडे जावी. बैठकीत हे मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, ''शनिवारी लोक येणार नाहीत, उदास वाटेल.'' मी म्हटलं, उदास वाटावं म्हणूनच. ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

आत्याचं एक सांगायचं राहिलं. कोविडमध्ये नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, मी तिला विचारलं होतं की मरणाऱ्या पेशंटला तू काय सांगतेस. मला वाटलं होतं, एखादं वचन म्हणत असेल, तिला स्तोत्रं पाठ होती. ती म्हणाली, ''वचन म्हणते, त्यांनी मागितलं तर. नाहीतर सांगते, आज रात्रपाळी माझी आहे, मी इथंच आहे.'' तिच्या शेवटच्या रात्री कुणी तिला असं सांगितलं का, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. आत कुणालाच सोडत नव्हते.

पुढच्या वर्षी, १७ एप्रिल २०२२ ला, ईस्टरची पहाटेची उपासना पुन्हा देवळात झाली. अंधारात पाळकांनी 'प्रभू उठला आहे' म्हटलं, आणि 'खरोखर उठला आहे' म्हणताना बऱ्याच जणांचा आवाज फुटला नाही. मला ते उत्तर चांगलं वाटलं. तिथून आम्ही कबरस्थानात गेलो. आत्याच्या कबरेवर मेणबत्ती लावली, वाऱ्यानं विझली, पुन्हा लावली, मग नाद सोडून नुसती फुलं ठेवली. मी वाकून थोडी माती हातात घेतली. हातमोजे नव्हते.

घरी आलो तर वरच्या खोलीतला मुलगा रात्रभर जागून जिन्यावर बसलेला. रविवारी सकाळची मेस बंद असते. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या अध्यायात कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासे आहेत, भाकर आहे, आणि रात्रभर जाळं टाकून दमलेल्यांना, ज्यांच्यात कोळशांच्याच विस्तवापाशी त्याला नाकारलेला पेत्रही आहे, येशू एवढंच म्हणतो: 'या, न्याहारी करा.' आमच्याकडे पोहे होते. पोरानं हात धुतले, माझ्या नखांतली माती बघितली, काही विचारलं नाही. दुसऱ्यांदा घेताना फक्त म्हणाला, ''काकूंना सांगा, लिंबू आहे का बघा.''